दोन अक्षरं आली की अवयव पाडताना मधल्या पदापाशी अडतं, कोणी समजावून सांगेल का

पाटी_पेन्सिल

नमस्कार सगळ्यांना. माझी मुलगी आठवीत आहे आणि सध्या बैजिक राशींचे अवयव चालू आहेत. एकच चल असलं की ती पटापट करते, म्हणजे अ² + ५अ + ६ दिलं तर (अ + २)(अ + ३) तोंडीच सांगते, पण त्यात दुसरं अक्षर आलं की तिचा हात थांबतो आणि शेजारी बसलेल्या माझाही. वहीत एक्स आणि वाय आहेत, इथे टाईप करायला सोपं जावं म्हणून मी अ आणि ब लिहितेय.

गणित हे आहे: ६अ² + ७अब − २०ब²

आम्ही काय केलं ते जसंच्या तसं लिहिते, म्हणजे चूक कुठे होतेय ते तुम्हाला दिसेल. टोकाच्या दोन सहगुणकांचा गुणाकार ६ × (−२०) = −१२०, बेरीज ७ हवी, म्हणून १५ आणि −८ सापडले, इथपर्यंत ठीक वाटतंय. मग तिने लिहिलं ६अ² + १५अ − ८अ − २०ब². पहिल्या दोन पदांतून ३अ बाहेर काढले तर कंसात २अ + ५ उरलं आणि पुढच्या दोन पदांतून नुसता ४ निघाला, आत भलतंच काहीतरी. मग मी करून पाहिलं, मी १५अब − ८अब असं फोडलं तर ३अ(२अ + ५ब) − ४ब(२अ − ५ब) आलं. एका कंसात अधिक, दुसऱ्यात उणे, जुळतच नाही. उत्तर मागे दिलंय (३अ − ४ब)(२अ + ५ब), पण तिथे पोचायचं कसं ते कळत नाहीये.

तिचा अजून एक प्रश्न आहे आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ती म्हणते की आई, मधल्या पदात दोन्ही अक्षरं का आणि शेवटी ब चा वर्गच का, नुसता ब का नाही? मी "असंच असतं" म्हटलं आणि मला ते उत्तर देऊन फार वाईट वाटलं.

आणि सरावपत्रिकेच्या शेवटी जास्तीची म्हणून दोन गणितं दिलीत, त्यांना हात कुठून लावायचा तेच समजत नाही:
२अ² + ५अब − ३ब² − अ + ११ब − ६
अ⁴ + ४ब⁴

घाई नाहीये, पण जरा सावकाश स्टेप सोडू नका.

---

कंसातला_माणूस

ताई, तुम्ही दोघी उत्तराच्या अगदी जवळ होता, दोघींची एकेकच चूक आहे आणि दोन्ही चुका वेगळ्या आहेत म्हणून वेगवेगळ्या सांगतो.

मुलीची चूक अशी की तिने ७अब फोडताना ब हरवला. ७अब म्हणजे सात "अब" आहेत. त्याचे १५ "अब" आणि उणे ८ "अब" होतील, १५ "अ" कसे होतील? अ ही वेगळी जात, अब ही वेगळी जात. तिला हे असं विचारून बघा की १५अ − ८अ किती होतात, ती ७अ म्हणेल, मग विचारा की आपल्या गणितात ७अ आहे का. नाहीये. म्हणजे फोडल्यावर परत जोडून मूळचं पद येतंय का हे तिथल्या तिथे बघायची सवय लागली की ही चूक पुन्हा होणार नाही.

तुमची चूक साइनची आहे आणि ती माझीही कितीतरी वर्षं होत होती. − ८अब − २०ब² यातून तुम्ही −४ब बाहेर काढले. बाहेर उणे गेला की आतल्या प्रत्येक पदाला त्या उण्याने भागायचं. −८अब ÷ −४ब = २अ, आणि −२०ब² ÷ −४ब = +५ब. तुम्ही पहिल्या पदाचा उणे काढलात पण दुसऱ्याचा आतच राहू दिलात. बरोबर लिहिलं की

६अ² + १५अब − ८अब − २०ब²
= ३अ(२अ + ५ब) − ४ब(२अ + ५ब)
= (२अ + ५ब)(३अ − ४ब)

कंस जुळले. खरं तर कंस जुळत नाहीत हीच तुम्हाला मिळालेली सूचना होती. आकडे बरोबर निवडलेत आणि तरी कंस जुळत नाहीत, म्हणजे हमखास साइन चुकलंय, आकडे बदलत बसायचं नाही, आधी साइन बघायचं.

आता मुलीचा प्रश्न, मला तो फार आवडला. तिला उलटं करायला लावा. (३अ − ४ब) आणि (२अ + ५ब) यांचा गुणाकार तिनेच करू दे, चार तुकडे वेगवेगळ्या ओळींवर लिहून:

३अ × २अ = ६अ²
३अ × ५ब = १५अब
−४ब × २अ = −८अब
−४ब × ५ब = −२०ब²

अ ला अ भेटला की अ², ब ला ब भेटला की ब². आणि तिरके जे दोन गुणाकार होतात त्यात प्रत्येक वेळी एक अ आणि एक ब, म्हणून दोन्हीत अब येतं, आणि दोन्ही एकाच जातीचे म्हणून त्यांची बेरीज होऊन एकच मधलं पद दिसतं. आपण मधलं पद "फोडतो" म्हणतो तेव्हा नवीन काही करत नाही, गुणाकार करताना जे दोन तुकडे एकत्र झाले होते तेच परत सुटे करतो. हे तिला एकदा दिसलं की ब विसरणार नाही, कारण ब कुठून आला ते तिला माहीत असेल.

---

जुनी_वही

वरचं उत्तर छान आहे. मी बरीच वर्षं माध्यमिकला गणित शिकवलं, त्यातल्या दोन-तीन गोष्टी लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे अशा राशीत प्रत्येक पदाची कोटी मोजायची. ६अ² ची कोटी २, ७अब ची १ + १ म्हणजे २, २०ब² ची २. सगळी पदं एकाच कोटीची आहेत. अशी राशी असली की ब च्या जागी १ ठेवून एका चलाचं गणित करून टाकायचं आणि शेवटी ब परत आणायचा. बघा:

६अ² + ७अ − २० = (३अ − ४)(२अ + ५)

हे तुमच्या मुलीला येतंच आहे. आता प्रत्येक कंसातल्या नुसत्या आकड्याला ब चिकटवायचा, (३अ − ४ब)(२अ + ५ब). झालं. हे चालतं का, तर दोन कंसांचा गुणाकार करून प्रत्येक पद कोटी २ चं यायचं असेल तर कंसातलं प्रत्येक पद कोटी १ चं असावं लागतं. ३अ ची कोटी १ आहेच, ४ ची कोटी शून्य, तिला एक ब दिला की १ झाली. मुलं शेवटी ब लिहायला विसरतात, दरवर्षी अर्ध्या वहीत (३अ − ४)(२अ + ५) असंच सापडायचं. म्हणून मी फळ्यावर ब = १ ठेवल्यावर कोपऱ्यात "ब परत द्यायचा आहे" असं लिहून ठेवायचे आणि उत्तर आल्यावरच पुसायचे.

दुसरी गोष्ट, अवयव पडणार आहेत की नाही हे आधीच कळतं. मधल्या सहगुणकाचा वर्ग घ्या आणि त्यातून टोकांच्या गुणाकाराची चौपट वजा करा. इथे ४९ − ४ × ६ × (−२०) = ४९ + ४८० = ५२९, आणि ५२९ हा २३ चा वर्ग. पूर्ण वर्ग आला की पूर्णांकांत अवयव पडतातच. अ² + अब − ब² घेतलं तर १ + ४ = ५, पूर्ण वर्ग नाही, मग कितीही जोड्या शोधल्या तरी मिळणार नाहीत. मुलांना नुसतं "शोधत रहा" म्हणण्यापेक्षा हे सांगितलं की त्यांचा धीर टिकतो.

तिसरी, ताळा. बऱ्याच जणी अ = १, ब = १ ठेवून ताळा करतात आणि तिथेच फसतात. कोणी चुकून (२अ − ३ब)(३अ + ४ब) असं उत्तर काढलं समजा. १, १ ठेवलं तर मूळ राशी ६ + ७ − २० = −७ आणि हे चुकीचं उत्तर (−१)(७) = −७. जुळलं! पण उत्तर चूक आहे. त्याऐवजी अ = १०, ब = १ ठेवा. मूळ राशी ६०० + ७० − २० = ६५०. बरोबर उत्तर २६ × २५ = ६५०. चुकीचं उत्तर १७ × ३४ = ५७८, लगेच उघडं पडतं. १० ने गुणणं सोपं असतं आणि अ², अब, ब² यांच्या जागा वेगवेगळ्या राहतात, शतक दशक एककासारख्या, म्हणून मी नेहमी १० आणि १ च घ्यायला सांगते. तेवढ्यानेही अगदी शंभर टक्के खात्री होत नाही, पूर्ण खात्रीसाठी कंस गुणूनच बघावे, पण परीक्षेत वेळ नसतो तेव्हा हा ताळा फार उपयोगी पडतो.

आणि सगळ्यात आधी सामाईक अवयव काढायचा, हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच. तिला हे द्या: १२अ³ब + १४अ²ब² − ४०अब³. बघू ती काय करते.

---

पाटी_पेन्सिल

खूप खूप आभार दोघांचे. चार तुकड्यांचा गुणाकार तिने वेगवेगळ्या रंगाच्या पेनांनी केला, तिरक्या दोघांना एकच रंग दिला, आणि मग स्वतःहून म्हणाली "अच्छा म्हणजे हे दोघं एकमेकांत मिसळलेत म्हणून एक दिसतंय." मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू.

मॅडम, तुमचं गणित तिने केलं. २अब बाहेर काढले तर आत ६अ² + ७अब − २०ब² आलं, ते बघून ती हसली कारण ते तर आधीच झालेलं होतं. पण शेवटच्या ओळीत तिने फक्त दोन कंस लिहिले, २अब वरच्याच ओळीत राहिला. मग १० आणि १ ठेवून ताळा केला तर मूळ राशी १२००० + १४०० − ४०० = १३००० आणि उत्तर ६५०, तेव्हा तिचं तिलाच कळलं की २० पट कमी पडतंय आणि २अब म्हणजे बरोबर २०. मला काही बोलावंच लागलं नाही.

आता ते सहा पदांचं गणित. त्यात कोटी मोजली तर सगळ्यांची सारखी नाहीये, मग ब = १ वाली युक्ती चालणार नाही ना?

---

रात्रीचा_अभ्यास

ताई ती जशीच्या तशी नाही चालणार, पण तिच्यासारखंच एक काहीतरी चालतं. मी प्रवेश परीक्षेची तयारी करतोय, आमच्याकडे ही गणितं सारखी येतात, तर दोन पद्धती सांगतो.

पद्धत पहिली. २अ² + ५अब − ३ब² − अ + ११ब − ६ मधली फक्त कोटी २ ची तीन पदं उचला: २अ² + ५अब − ३ब². याचे अवयव वरच्याच रीतीने, ६अब − अब असं फोडून (२अ − ब)(अ + ३ब). आता पूर्ण उत्तर असेल तर ते याच दोन कंसांत एकेक आकडा टाकून मिळणार, म्हणजे (२अ − ब + म)(अ + ३ब + न). हे गुणलं की

अ चा सहगुणक: म + २न, तो हवा −१
ब चा सहगुणक: ३म − न, तो हवा ११
नुसता आकडा: मन, तो हवा −६

दुसऱ्यावरून न = ३म − ११, हे पहिल्यात टाकलं की म + ६म − २२ = −१, ७म = २१, म = ३, मग न = −२. आणि तिसरी अट मन = −६, ती पण जुळली. उत्तर (२अ − ब + ३)(अ + ३ब − २).

यात एक गोष्ट लक्षात घ्या की अज्ञात दोन आणि अटी तीन आहेत, तिसरी अट जुळली नसती तर अवयव पडतच नाहीत असं म्हणायचं. म्हणजे तिसरी अट हा फुकटचा ताळा आहे.

पद्धत दुसरी, ही जास्त फास्ट आहे, वैदिक गणिताच्या क्लासमध्ये याला लोपनस्थापन म्हणतात. आधी ब गायब करा, म्हणजे ब = ०:
२अ² − अ − ६ = (२अ + ३)(अ − २)
मग अ गायब करा, अ = ०:
−३ब² + ११ब − ६ = (−ब + ३)(३ब − २)
आता दोन्हीकडे आकडे बघा, ३ आणि −२. जिथे ३ आहे ते दोन कंस एकत्र करा, जिथे −२ आहे ते एकत्र करा. (२अ − ब + ३)(अ + ३ब − २). तेच उत्तर, दोन मिनिटांत.

---

शून्य_बाकी

दुसरी पद्धत चांगली आहे पण तिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, कारण त्या पद्धतीत अब चं पद आपण एकदाही वापरलेलं नाही. ब = ० ठेवलं तेव्हाही ते नाहीसं झालं आणि अ = ० ठेवलं तेव्हाही. म्हणजे गणितात ५अब च्या ऐवजी ४अब असतं तरी या पद्धतीने हेच उत्तर आलं असतं, आणि ते चूक असतं! २अ² + ४अब − ३ब² − अ + ११ब − ६ याचे दोन एकघाती अवयव पडतच नाहीत. म्हणून शेवटी तिरका गुणाकार करून अब चा सहगुणक बघायचाच. इथे २अ × ३ब = ६अब, −ब × अ = −अब, मिळून ५अब, आता खात्री झाली.

दुसरी अडचण, दोन्ही कंसांतले आकडे सारखे असले तर कोणाची जोडी कोणाशी लावायची? (अ + १)(३अ + १) आणि (२ब + १)(ब + १) असं आलं समजा. यातून (अ + २ब + १)(३अ + ब + १) पण होतं आणि (अ + ब + १)(३अ + २ब + १) पण होतं. पहिल्यात अब चा सहगुणक ७ येतो, दुसऱ्यात ५. कोणतं घ्यायचं ते मूळ गणितातला अब सांगेल. मुलांना युक्ती शिकवताना हा भाग गाळला जातो आणि मग ती युक्ती मुलांना फसवते, याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून एवढं लांब लिहिलं.

अकरावी-बारावीत गेल्यावर हेच गणित रेषायुग्म म्हणून भेटतं. सहा पदांची ही राशी = ० लिहिली की तिचा आलेख काढता येतो, आणि अवयव पडत असतील तर तो आलेख म्हणजे दोन सरळ रेषा, २अ − ब + ३ = ० आणि अ + ३ब − २ = ०. ५ चा ४ केला की सरळ रेषा राहत नाहीत, वक्र होतो. एका सहगुणकात एकाचा फरक आणि चित्रच बदलतं. मुलीला आलेख काढता येत असेल तर या दोन रेषा नक्की काढायला सांगा, छेदतात त्या बिंदूपाशी दोन्ही कंस एकाच वेळी शून्य होतात.

---

रात्रीचा_अभ्यास

हो बरोबर, अब चेक करायचं मी लिहायला विसरलो, आम्ही करतो पण सवयीने करतो म्हणून वेगळं लिहिलं नाही. धन्यवाद.

---

पाटी_पेन्सिल

हे सगळं मी वहीत उतरवून घेतलं. ४अब चं उदाहरण वाचून मला पटलं की ताळा का करायचा, नाहीतर मी पण लोपनस्थापन शिकून खूश होऊन बसले असते.

आता अ⁴ + ४ब⁴ राहिलं. यात मुलीचं म्हणणं असं की बेरजेचे अवयव पडत नाहीत, वर्गांच्या वजाबाकीचे पडतात, अ² − ब² = (अ + ब)(अ − ब), पण अ² + ब² चे नाही, असं शाळेत सांगितलंय. मग हे कसं पडेल? मला पण तसंच वाटतंय.

---

जुनी_वही

तिला सांगा की शाळेत सांगितलेलं अ² + ब² बद्दल बरोबरच आहे, पण "बेरजेचे कधीच पडत नाहीत" असा त्याचा अर्थ नाही. घनांची बेरीज बघा, अ³ + ब³ = (अ + ब)(अ² − अब + ब²), ही तर बेरीजच आहे.

आता आपली राशी. अ⁴ हा अ² चा वर्ग, ४ब⁴ हा २ब² चा वर्ग. दोन वर्गांची बेरीज आहे, मधलं पद नाही. मधलं पद असतं तर ते २ × अ² × २ब² = ४अ²ब² असतं. ते नाहीये ना, मग आपणच मिळवू आणि लगेच वजाही करू, म्हणजे किंमत बदलणार नाही:

अ⁴ + ४ब⁴
= अ⁴ + ४अ²ब² + ४ब⁴ − ४अ²ब²
= (अ² + २ब²)² − (२अब)²

आता ही वर्गांची वजाबाकी झाली, जी तिला येते.

= (अ² + २ब² + २अब)(अ² + २ब² − २अब)

इथे थांबून तिला विचारा की हीच युक्ती अ² + ब² ला लावली तर काय होतं. मधलं पद २अब, मिळवलं आणि वजा केलं, (अ + ब)² − २अब. आता २अब हा कोणाचा वर्ग आहे का? नाही. तिथेच गाडी अडते. आपल्या राशीत वजा झालेलं ४अ²ब² हे स्वतःच पूर्ण वर्ग निघालं, सगळी गंमत त्यात आहे. ४ च्या जागी १ घेऊन अ⁴ + ब⁴ केलं तर वजा होणारं पद २अ²ब², आणि २ हा पूर्ण वर्ग नाही, म्हणून पूर्णांकांत नाही पडत. वर्गमूळ २ वापरायची परवानगी दिली तर मात्र पडतात, पण ते तिला पुढे येईल. म्हणजे "पडतात का" या प्रश्नाच्या आधी "कोणत्या संख्या वापरायच्या" हे ठरवावं लागतं, आठवीत ते न सांगता धरलेलं असतं.

या रूपाला सोफी जर्मेन हिच्या नावाने ओळखतात. ही फ्रेंच गणिती, १७७६ ते १८३१. त्या काळी मुलींना उच्च शिक्षणाची दारं बंद होती, तर तिने पुरुषाच्या नावाने पत्रं लिहून मोठमोठ्या गणितज्ञांशी चर्चा केली. वर्गातल्या मुलींना हे गणित शिकवताना मी तिच्याबद्दल सांगितल्याशिवाय कधी पुढे गेले नाही.

---

कंसातला_माणूस

मॅडमनी अ = १०, ब = १ सांगितलंय ना, ते इथे पण ठेवून बघा, मजा येते. अ⁴ + ४ब⁴ = १०००४. कंस: १०० + २ + २० = १२२ आणि १०० + २ − २० = ८२. म्हणजे १०००४ = १२२ × ८२. एरवी १०००४ चे असे दोन अवयव कोणी सांगितले असते?

तसंच अ⁴ + अ²ब² + ब⁴, यात अ²ब² मिळवून वजा केलं की (अ² + ब²)² − (अब)², म्हणजे (अ² + अब + ब²)(अ² − अब + ब²). १० आणि १ ठेवलं की १०१०१ = १११ × ९१.

आणि घनांच्या बेरजेवरून आठवलं, रामानुजन यांची १७२९ ही संख्या. १२³ + १³ पण तीच आणि १०³ + ९³ पण तीच. पहिल्यावरून (१२ + १) म्हणजे १३ ने भाग जाणार, दुसऱ्यावरून (१० + ९) म्हणजे १९ ने. १३ × १९ = २४७, आणि १७२९ ÷ २४७ = ७. भागाकार करत न बसता पूर्ण संख्या फुटली, ७ × १३ × १९. मुलीने "हे कशाला शिकायचं" विचारलं तर मी तरी हे दाखवेन.

---

शून्य_बाकी

अजून एक छोटंसं. कधीकधी कसला साचाच दिसत नाही, अ³ − ३अब² + २ब³ असं काहीतरी येतं. तेव्हा अ च्या जागी ब ठेवून बघायचं: ब³ − ३ब³ + २ब³ = ०. शून्य आलं की (अ − ब) हा अवयव नक्की. भागून उरतं अ² + अब − २ब², त्याचे (अ − ब)(अ + २ब). एकूण (अ − ब)²(अ + २ब). अवयव सिद्धांत एका चलासाठी शिकवतात, पण त्यात आकड्याऐवजी दुसरं चल ठेवलं तरी तो तसाच चालतो.

---

पाटी_पेन्सिल

काल रात्री जेवणं झाल्यावर तिने स्वतः एक गणित तयार केलं. म्हणजे मी केलं नाही, तिनेच दोन कंस मनात धरले, गुणले, आणि फक्त गुणाकार माझ्यापुढे ठेवला, "आता तू सोडव" म्हणाली. गणित हे:

अ² − ब² + ४अ + ६ब − ५

मी लोपनस्थापन केलं. ब = ० ठेवून अ² + ४अ − ५ = (अ + ५)(अ − १). अ = ० ठेवून −ब² + ६ब − ५, याच्यात मी साइनमध्ये अडकले, मग सावकाश उणे बाहेर काढून −(ब − १)(ब − ५), आणि तो उणे एका कंसाला देऊन (ब − १)(−ब + ५). ५ ची जोडी ५ शी, −१ ची −१ शी, उत्तर (अ − ब + ५)(अ + ब − १).

मग मला शंका आली की गणितात अब चं पदच नाहीये, तर चेक काय करायचं? ती म्हणाली अगं शून्य आहे, शून्यच यायला पाहिजे. तिरका गुणाकार केला, +अब आणि −अब, शून्य आलं. मग १० आणि १ ठेवले, १०० − १ + ४० + ६ − ५ = १४०, आणि इकडे १४ × १० = १४०. तिने मनात धरलेले कंस तेच होते.

---

जुनी_वही

वा! कंस मनात धरून आईला गणित घातलं, यापेक्षा चांगला सराव नाही.

आता ४अ मुळे अ² + ४अ ला ४ मिळवला की पूर्ण वर्ग होतो, आणि ब² − ६ब ला ९ मिळवले की तोही होतो. उणे ५ म्हणजे ४ − ९. एवढंच सांगा तिला, पुढची ओळ तिची तिला लिहू दे.